गाडीचा गंज : आधी पत्रा, मग रंग

आम्हा व्यापारी लोकांत जुनी गाडी बाळगणे ही कमीपणाची बाब नाही. जी गाडी माल पोचवते, घरच्यांना नेते-आणते आणि जिचे हप्ते केव्हाच फिटलेले आहेत, ती विकून नवे कर्ज डोक्यावर घेण्याची घाई कोणी करू नये. इंजिनाचे काम निघाले तर पार्ट मिळतो, मिस्त्री मिळतो. तथापि जुनी गाडी खरी संपते ती बहुधा इंजिनाने नव्हे, तर बॉडीने. उर्दूत ज्याला जंग म्हणतात तो गंज आतून पत्रा खात असतो आणि वरून रंग चकाकत असतो. म्हणून या दुखण्याची ओळख व त्यावरील इलाज आपल्या व्यापारी बांधवांपुढे मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

कापडाच्या धंद्यात तर गाडीचा गंज थेट मालाला भिडतो. भिवंडी-मालेगावकडे मारुती ओम्नीत कोऱ्या कापडाचे तागे भरून नेण्याची पद्धत जुनी आहे. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, म्हणजे आज चालणारी प्रत्येक ओम्नी जुनीच म्हटली पाहिजे. तिच्या फ्लोअरला भोक पडले की पावसाळ्यात चाकाने उडवलेले पाणी आत येते आणि खालच्या ताग्याला लोखंडी डाग लागतो. हा डाग साध्या धुण्याने जात नाही. इतकेच नव्हे, तर असे सुती कापड पेरॉक्साइडच्या ब्लीचिंगला गेले तर लोखंडामुळे डागाच्या जागी सूत कमजोर होते, कधी बारीक भोकेही पडतात. पार्टी माल परत करते तेव्हा दोष मात्र विणकराच्या माथी मारला जातो.

गंज का चढतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन या तिघांची गाठ पडली की गंज तयार होतो. मीठ असेल तर हे काम कितीतरी वेगाने होते. म्हणून रत्नागिरी, अलिबाग, मुंबई अशा समुद्रकाठच्या गाड्या देशावरच्या गाड्यांपेक्षा लवकर गंजतात. ज्या गाडीतून बर्फात ठेवलेली मासळी नेली जाते तिची हालत तर विचारूच नका.

दुसरी गोष्ट अशी की, गंजाला लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते. तो रंगाखाली फुगतो आणि रंग उचलतो. रंगावर जो फोड दिसतो तो रोगाची सुरुवात नसून रोग बाहेर आल्याची निशाणी आहे. शिवाय गंज भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो. त्यामुळे खालचे चांगले लोखंडही सडत जाते. केवळ वरून रंग मारल्याने हे थांबत नाही.

कोठे पाहावे?

कापड पारखणारा माणूस तागा उलटून पाहतो. गाडीचेही तसेच आहे. चाकावरच्या कमानीची आतली कड, दरवाज्याची खालची कड, दरवाज्याखालचे रनिंग बोर्ड, कार्पेटखालचा फ्लोअर, डिक्कीतील स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालची जागा आणि पुढच्या काचेच्या रबराखालची पन्हळ, या सर्व जागा गंजाच्या आवडत्या आहेत. दरवाज्याच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच साचते. पावसाळ्यात कार्पेट ओले लागत असेल तर ते उचलून पाहिल्याशिवाय राहू नये.

परीक्षा साधी आहे. एक छोटे लोहचुंबक रुमालात गुंडाळून बॉडीवरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे. बोटाने ठोकून पाहावे, पुट्टीच्या जागी आवाज बद्द येतो. गाडी मिस्त्रीच्या रॅम्पवर चढवून संशयाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोराने दाबावे. चांगला पत्रा टोक रोखतो, सडलेला पत्रा वाट देतो.

पहिला दर्जा : वरवरचा गंज

पत्रा शाबूत आहे, फक्त रंग उडून तांबूसपणा आला आहे, असा गंज वेळीच पकडला तर खर्च थोडा येतो. जागा धुऊन पूर्ण वाळवावी. तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून पांढरे लोखंड दिसेपर्यंत साफ करावी, तेही डागाच्या चारी बाजूंना दोन बोटे पुढे जाऊन. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक अॅसिडचे द्रावण लावतात. ते गंजाचे रूपांतर टिकाऊ थरात करते. हातमोजे व चष्मा घालूनच हे काम करावे आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे जागा पुसून वाळवावी. त्यानंतर शक्य तितक्या लवकर प्रायमर मारावा. उघडे लोखंड दमट हवेत एका रात्रीतही लाल होऊ लागते.

प्रायमर इपॉक्सीचा असेल तर उत्तम, कारण तो पाणी आत जाऊ देत नाही. साधा प्रायमर पाणी शोषतो. म्हणून “प्रायमर मारला आहे, रंग पुढच्या महिन्यात पाहू” असे म्हणून पावसात गाडी फिरवणे म्हणजे गंजाला पुन्हा दावत देणे होय.

दुसरा दर्जा : भोक पडलेला पत्रा

दरवाजा, मडगार्ड, फ्लोअर यांस भोक पडले असेल तर तेथे पुट्टीचा इलाज नाही. फाटलेल्या कापडाला रफू करावे लागते, खळ लावून भागत नाही. पुट्टी ओल शोषते. गंजावर किंवा भोकावर भरलेली पुट्टी पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात फुगून सुटते. पुट्टीचे काम फक्त चांगल्या पत्र्यावरील बारीक उंचसखलपणा भरण्याचे आहे.

योग्य पद्धत अशी : सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा. मूळ पत्र्याच्या जाडीचा तुकडा बेतून वेल्डिंगने बसवावा. बाहेरचा पत्रा साधारणपणे एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. गॅस वेल्डिंगची आच त्याला वाकवते, म्हणून आजकाल ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात त्याचे छोटे छोटे टाके, मधे थांबत थांबत मारणारा कारागीर शोधावा. नंतर टाके घासून इपॉक्सी प्रायमर, सांध्यावर सीलर आणि मग रंग. एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. वेल्डिंगच्या आचेने पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंगही जळतो. तेथे गंजरोधक मेण फवारले नाही तर नवा तुकडा आतून गंजू लागतो. पाणी जाण्याची छिद्रे मात्र बुजू देऊ नयेत.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडवावी, कार्पेट व फोम बाहेर काढावा. पेट्रोलची टाकी, पेट्रोलचे पाइप किंवा सीएनजी-एलपीजीचे सिलिंडर जवळ असेल तर ते जाणकाराकडून उतरवून घेतल्याशिवाय ठिणगीही पडू देऊ नये. येथे पैशाचा नव्हे, जिवाचा सवाल आहे.

तिसरा दर्जा : हाडाला लागलेला गंज

अॅम्बॅसेडर, पद्मिनी, ओम्नी या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी आहे. त्यामुळे रनिंग बोर्ड, फ्लोअरखालच्या पेटीसारख्या पट्ट्या, सस्पेन्शनच्या बैठकी, सीट व सीटबेल्टचे बोल्ट जेथे बसतात त्या जागा, हे सर्व गाडीची हाडे होत. जॅक लावताच पत्रा आत दबतो, एखादा दरवाजा नीट लागेनासा होतो, ही त्याची लक्षणे आहेत. अशी गाडी टक्कर झाल्यास आतील माणसांना वाचवू शकत नाही. येथे ठिगळ चालत नाही. पूर्ण भाग बदलणारा तज्ज्ञ मिळाला तर ठीक, नाही तर त्या गाडीत बायका-मुलांना बसवू नये.

हिशोब आधी, काम नंतर

डेंटिंग-पेंटिंगचा एकत्र आकडा कधीही मान्य करू नये. पत्रा कापणे, वेल्डिंग, प्रायमर आणि रंग यांचा भाव वेगवेगळा लिहून घ्यावा. पत्र्याचे काम पूर्ण झाल्यावर, पुट्टी लागण्यापूर्वी, स्वतः जाऊन पाहावे. इमानदार कारागीर याला हरकत घेत नाही. दाखवण्यास टाळाटाळ होत असेल तर त्यातच उत्तर आले. चासी नंबर जेथे कोरला आहे तेथे वेल्डिंग, घासाई किंवा जाड रंग होऊ देऊ नये. आर.टी.ओ.च्या तपासणीत तो नंबर वाचता आला पाहिजे.

सरकारी खर्चही हिशोबात धरावा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतन करावी लागते. त्याची केंद्राची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी ती २०२५ साली आणखी वाढवण्यात आली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. भाड्याच्या व मालवाहू गाड्यांना ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. मरम्मत, फी आणि कर यांची बेरीज गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होत असेल आणि गंज हाडाला लागला असेल, तर गाडी मोडीत काढण्यातच किफायत आहे. मात्र ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी, तेथील प्रमाणपत्र घ्यावे आणि आर.टी.ओ.कडे नोंदणी रद्द करून घ्यावी. नाही तर गाडीचे पत्रे कोणाकडे आणि जबाबदारी आपल्याकडे, असा प्रकार होतो.

विकणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुट्टीखाली गंज झाकून गाडी खपवणे आणि आतल्या घडीत फाटका भाग दडवून तागा विकणे यांत काही फरक नाही. ऐब सांगून विकले तर भाव थोडा उतरतो, पण बाजारातील पत उतरत नाही.

पुढची खबरदारी

पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमारास गाडी खालून धुऊन पाहावी. मोठे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढावे. समुद्रकाठी गाडी नेल्यास परतल्यावर गोड्या पाण्याने कमानी व तळ धुवावा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे आवरण घालू नये, आत वाफ कोंडते. गंजावर काळे अंडरकोटिंग मारून घेऊ नये, ते ओल आतच कोंडून ठेवते. जळके इंजिन ऑइल खालून फासण्याची जुनी रीतही सोडावी, त्याने रबराचे बुश खराब होतात व जमीन नासते. फ्लोअरमध्ये भोक असेतोवर कापड तर अशा गाडीत भरूच नये. खाली ताडपत्री टाकली तरी ओल बाजूने चढते.

नखाएवढा फोड दिसला त्याच आठवड्यात घासून प्रायमर मारला तर काम काही शे रुपयांत आटोपते. तोच फोड दोन पावसाळे तसाच राहिला तर पत्रा कापावा लागतो. पावसाळा येण्याआधी एका सुटीच्या दिवशी लोहचुंबक व स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आपली गाडी तपासावी, एवढीच आमची वाचकांना सूचना आहे.