घरगुती उपचार आणि त्यांचे शास्त्र – लेखांक 9 : तुंबलेले सायनस

गालांच्या हाडांत, भुवयांच्या वर, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि त्यामागे खोल कवटीच्या तळाशी हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. यांनाच सायनस म्हणतात. प्रत्येक पोकळी अरुंद वाटेने नाकात उघडते. आतले अस्तर सतत पातळ शेंबूड तयार करते आणि अस्तरावरची सूक्ष्म लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो शेंबूड वाटेकडे सरकवत राहते. सर्दीत किंवा अ‍ॅलर्जीत अस्तर सुजले की वाट बुजते, शेंबूड आत साठतो आणि दाट होतो. मग गाल ठणकतात, कपाळ जड होते, चपला घालायला वाकले तरी डोक्यात कळ येते.

गालातील सायनसची रचना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमधील वैद्य नॅथॅनिएल हायमोर यांनी 1651 मध्ये या पोकळीचे सविस्तर वर्णन केले. तिची वाट तळाशी नसून वरच्या बाजूला असते, त्यामुळे माणूस उभा किंवा बसलेला असताना आतला शेंबूड आपोआप खाली वाहून जात नाही. लवेला तो वर चढवावा लागतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी विसाव्या शतकात दाखवून दिले, की पोकळीला खालून दुसरे छिद्र पाडले तरी लव शेंबूड मूळच्या वाटेकडेच नेते. म्हणून घरगुती उपाय पारखताना त्याने सूज उतरते का, शेंबूड पातळ होतो का आणि लवेचे काम सुकर होते का, हेच पाहायला हवे. नाकाला झोंबणारा उपाय गुणकारी असतोच असे नाही.

सायनसचा बहुतेक अल्पकालीन दाह विषाणूंमुळे होतो. सर्दी झालेल्या शंभर जणांपैकी जेमतेम एक-दोघांच्या सायनसमध्ये पुढे जीवाणूंचा संसर्ग होतो. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला, म्हणजे अँटिबायोटिक घ्यायलाच हवे, ही समजूत घरोघरी आहे. पण हा रंग मुख्यतः शरीराच्या पांढऱ्या पेशींमधील द्रव्यांमुळे येतो आणि विषाणूजन्य सर्दीतही दिसतो. बहुतेकांना सात ते दहा दिवसांत उतार पडतो. तोवरचा त्रास हलका करणे, एवढेच घरगुती उपायांचे काम आहे.

या उपायांत मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला सर्वांत भक्कम आधार आहे. हठयोगाच्या षट्कर्मांमध्ये नेतीचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात जलनेती नवी नाही. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेने योगक्रियांकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याची परंपराच निर्माण केली. जुनाट किंवा वरचेवर होणाऱ्या सायनसच्या त्रासात मिठाच्या पाण्याने रुग्णांच्या तक्रारी कमी होतात, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. पाणी दाट शेंबूड, धूळ आणि परागकण धुऊन नेते, अस्तर ओले राहते आणि लवेपुढचा अडथळा दूर होतो. साध्या सर्दीत मात्र फायदा माफक असतो.

पाव लिटर पाण्यात अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित कमी मीठ घातले, की त्याचा खारटपणा रक्ताच्या जवळपास, म्हणजे लिटरला सुमारे 9 ग्रॅम, येतो. बिनमिठाचे पाणी नाकात गेले तर अस्तराच्या पेशी ते शोषून फुगतात. पोहताना नाकात पाणी जाऊन जी झिणझिण होते ती यामुळेच. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास चुणचुण आणखी कमी होते. पाणी कोमट असावे. बेसिनवर पुढे वाकून, डोके एका बाजूला कलते करून, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत नेतीपात्राची तोटी लावावी. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येते. नंतर काही वेळ खाली वाकून उरलेले पाणी ठिबकू द्यावे आणि एकेक नाकपुडी हळू शिंकरावी. जोराने उच्छ्वास केला तर पाणी कानाकडे जाण्याची शक्यता असते. दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद असतील, कान दुखत असेल, वारंवार घोळणा फुटत असेल किंवा नाकाची नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही क्रिया करू नये.

पाणी कोणते वापरायचे, ही येथे जिवाची बाब आहे. गोड्या, कोमट पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा पाणी प्यायल्याने अपाय करत नाही, पण नाकातून गेला तर वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत पोहोचतो आणि तेथे होणारा संसर्ग जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नेतीपात्रात नळाचे पाणी वापरणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला. केरळमध्ये 2024 आणि 2025 मध्ये अमीबाजन्य मेंदुज्वराचे बरेच रुग्ण आढळले, तेव्हा तळी आणि विहिरींचे पाणी चर्चेत आले. असा संसर्ग विरळा आहे, पण तो टाळणे अगदी सोपे आहे. पाणी खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. सुमारे दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे लागतात, पण महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखरही 1,646 मीटरचेच आहे. उकळलेल्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी चालते. माठातले, टाकीतले किंवा थेट नळाचे पाणी नाकात घालू नये. घरच्या फिल्टरचे पाणी पिण्यासाठी ठीक असले, तरी नाकासाठी तेही उकळूनच घ्यावे. पात्र प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण कोरडे करावे.

वाफाऱ्यावर मराठी घरांचा मोठा विश्वास आहे. गरम दमट हवेने नाकाला तात्पुरते बरे वाटते, हे खरेच; परंतु चाचण्यांतून त्याला सातत्याने पाठिंबा मिळालेला नाही. ब्रिटनमध्ये जुनाट त्रास असलेल्या आठशेहून अधिक रुग्णांवर झालेली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत बोलकी आहे: नाक धुण्याने थोडी सुधारणा दिसली, वाफेने डोकेदुखी काहीशी कमी झाली, नाकाच्या बाकी तक्रारींत फरक पडला नाही. उकळत्या पातेल्यावर चादर पांघरून बसणे हा तर धोकाच आहे. पातेले कलंडून मांड्या आणि पोट भाजण्याच्या घटना सतत घडतात, आणि त्यांत लहान मुले अधिक सापडतात. मुलांना असा वाफारा देऊच नये. मोठ्यांना हवाच असेल तर गरम पाण्याच्या अंघोळीच्या वेळी बंद न्हाणीघरातली वाफ पुरते. गाल-कपाळावर कोमट ओल्या फडक्याचा शेकही दुखणे हलके करतो, आणि त्यात धोका जवळपास नाही.

ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगणे, निलगिरीचे तेल, पुदिन्याचा अर्क असलेला बाम, कापूर या सर्वांचा परिणाम काहीसा वेगळ्या प्रकारचा आहे. मेंथॉल नाकातील थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे हवा अधिक खेळते आहे असे वाटते. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर नाकातील अडथळा मात्र तेवढाच आढळतो. रात्री झोप लागण्यासाठी एवढा दिलासाही मोलाचा असतो, आणि पुरचुंडी लांबून हुंगली तर मोठ्यांना अपाय नाही. कापूर मात्र मुलांसाठी विषारी आहे. पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालील मुलांना कापूर किंवा मेंथॉलचा बाम लावू नये.

गरम पेयांबद्दल एक जुना प्रयोग मनोरंजक आहे. अमेरिकेत 1978 मध्ये कोंबडीचे गरम सूप, गरम पाणी आणि थंड पाणी यांची तुलना झाली. सुपाने नाकातील शेंबूड सरकण्याचा वेग वाढला, पण अर्ध्या तासात तो पूर्ववत झाला. कोंबडीचा रस्सा, कुळथाचे कढण किंवा आले-गवती चहाचा काढा या सर्वांकडून याच प्रमाणात अपेक्षा ठेवावी. घसा ओला राहतो, पोटात पातळ जाते आणि बरे वाटते. हळद-दूध पिण्यास हरकत नाही, पण त्याने सायनस मोकळे होते असा विश्वसनीय पुरावा नाही.

आडवे झाल्यावर नाक अधिक चोंदते, कारण अस्तरातील शिरांत रक्त साठते. उशाशी आणखी एक उशी घेऊन डोके उंच ठेवल्यास रात्र सुसह्य होते. कुशीवर झोपल्यास खालची नाकपुडी बंद होते आणि वरची सुटते, म्हणून अधिक त्रासाची बाजू वर ठेवावी. नाक शिंकरण्याचाही विचार करावा: व्हर्जिनियातील संशोधकांना 2000 मध्ये असे आढळले की जोराने शिंकरताना नाकात शिंकेपेक्षाही जास्त दाब निर्माण होतो आणि द्रव सायनसमध्ये ढकलला जातो. खोलीत उदबत्ती, धूप किंवा डासांची कॉइल जळत असेल तर लवेला त्याचा सरळ अपाय होतो. सर्दीच्या काळात ती बंदच ठेवावी.

लिंबाचा रस, कांद्याचा रस, लसणाचे तेल असे काही नाकात घालण्याचे सल्ले आवर्जून टाळावेत. नाक वाहू लागते ते अस्तर भाजल्यामुळे, सायनस रिकामे झाल्यामुळे नव्हे. औषधाच्या दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंबही तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत, कारण नंतर त्यांच्यामुळेच नाक बंद होऊ लागते.

वारंवार होणारी प्रत्येक कपाळदुखी सायनसची नसते. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे समजणाऱ्या 2,991 जणांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी 88 टक्के जणांची लक्षणे अर्धशिशीची निघाली. अशा व्यक्तीला कितीही वाफारे घेऊन उपयोग होत नाही. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त शेंबूड येत असेल, तर वरच्या दाढेचा संसर्ग तपासून घ्यावा, कारण तिची मुळे गालातील सायनसच्या तळाशी भिडलेली असतात.

दहा दिवसांत उतार पडला नाही, बरे वाटल्यानंतर पुन्हा ताप चढला किंवा 39 अंश सेल्सिअस ताप आणि चेहऱ्याचे तीव्र दुखणे तीन-चार दिवस टिकले, तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्याभोवती सूज येणे, एकाच्या जागी दोन दिसणे, मान ताठणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचा चेहरा एका बाजूने सुजला, बधिर झाला किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर तो काळ्या बुरशीचा आजार असू शकतो. कोविडच्या साथीत 2021 मध्ये महाराष्ट्राने त्याचे अनेक रुग्ण पाहिले. तेथे घरगुती उपायात एक रात्रही घालवू नये.