वादळ ओसरल्यानंतरचा कॅमेरा

२० सप्टेंबर २०१७च्या सकाळी ‘मारिया’ चक्रीवादळ अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, याबुकोआ गावाजवळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता. दोनच आठवड्यांपूर्वी ‘अर्मा’ वादळ बेटाच्या उत्तरेकडून जाताना लाखो घरांची वीज घेऊन गेले होते. उरलेसुरले मारियाने आडवे केले. तेहेतीस लाखांच्या आसपास वस्तीचे सारे बेट अंधारात बुडाले आणि शेवटच्या घरापर्यंत वीज पोहोचायला जवळपास अकरा महिने लागले. अमेरिकेच्या इतिहासात एवढा काळ वीज कधी गेली नव्हती.

त्या दिवसांतले एक दृश्य जगभर पोहोचले. उमाकाओ भागातल्या पुंता सांतियागो या किनाऱ्यावरच्या वस्तीत लोकांनी चौकातल्या डांबरावर मोठमोठ्या पांढऱ्या अक्षरांत मदतीची हाक लिहिली होती: पाणी हवे, अन्न हवे. आकाशातून टिपलेले ते छायाचित्र वृत्तपत्रांनी छापले, वाहिन्यांनी दाखवले. पुढे त्याच रहिवाशांनी ती अक्षरे पुसून तिथे ‘स्वागत असो’ असे रंगवले, पण तोवर आकाशातले कॅमेरे दुसऱ्या संकटाकडे वळले होते. बातमी पहिल्या अक्षरांपाशी थांबते. त्या दोन मजकुरांच्या मधल्या काळात लोक कसे जगले, हे सांगण्याचे काम माहितीपटांनी अंगावर घेतले. गेल्या काही वर्षांत पोर्तो रिकोमध्ये आणि पोर्तो रिकोविषयी झालेल्या अशा कामाचा हा आढावा.

या बेटाला वादळे नवी नाहीत आणि चित्रपटही नवा नाही. १८९८मध्ये स्पेनकडून बेट अमेरिकेच्या ताब्यात आले आणि पुढच्याच वर्षी ‘सान सिरियाको’ वादळाने तीन हजारांहून अधिक माणसे मारली, कॉफीचे मळे झोपवले. हजारो मजूर पोटासाठी थेट हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले. पन्नास वर्षांनी, १९४९मध्ये, पोर्तो रिकोच्या सरकारने लोकशिक्षणाचा एक विभाग उघडला. जीपमध्ये प्रोजेक्टर आणि जनरेटर टाकून माणसे डोंगरातल्या वाड्यांवर जायची, पडदा बांधायची, चित्रपट दाखवायची आणि नंतर गावकऱ्यांना चर्चेला बसवायची. जॅक डेलानो, आमिलकार तिरादो यांच्यासारखे दिग्दर्शक या विभागात होते, लोरेन्सो ओमार आणि राफाएल तुफिन्यो हे चित्रकार त्याची भित्तिपत्रके करत. आपल्याकडे मुंबईत १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले, तोच हा काळ. तिरादो यांच्या ‘एल पुएंते’ या लघुपटात पुराच्या नदीमुळे अडलेले खेडे एकत्र येऊन स्वतःच पूल बांधते.

मारियानंतर ही गोष्ट पडद्यावरून प्रत्यक्षात उतरली. उतुआदोच्या डोंगरांत रिओ आबाहो वस्तीचा पूल वाहून गेला. पलीकडच्या लोकांनी दोन काठांमध्ये तार ताणली, तिला दुकानातली सामानाची ढकलगाडी कप्पीने लटकवली आणि औषधे, पाणी, तांदूळ असे एकेक ओझे नदीवरून ओढून घेतले. आपल्या वस्तीला त्यांनी नाव दिले ‘विसरलेल्यांची छावणी’. जुन्या लघुपटाने शिकवले होते की गावाने स्वतः उभे राहावे. नव्या माहितीपटकारांना त्या ढकलगाडीचे कौतुक आहेच, पण ते पुढचा प्रश्नही विचारतात: जगातल्या सर्वात श्रीमंत देशाच्या नागरिकांवर ही वेळ का आली?

उत्तर वादळाच्या आधीपासून तयार होत होते. १९१७पासून पोर्तो रिकोचे लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मतदान करता येत नाही आणि काँग्रेस या अमेरिकी संसदेत त्यांच्या प्रतिनिधीला कायद्यांवर अंतिम मत नाही. बेटावर सत्तर अब्ज डॉलरहून अधिक कर्ज साचले, तेव्हा २०१६मध्ये वॉशिंग्टनने कायदा करून तिथे वित्तीय देखरेख मंडळ नेमले. लोकांनी न निवडलेल्या या मंडळाला बेटावर ‘ला हुंता’ म्हणतात. खर्चकपात सुरू झाली, वीजयंत्रणेची डागडुजी आधीच रखडलेली होती. वादळाला पाडायला खांब कमकुवतच मिळाले.

मृतांच्या आकड्याची गोष्ट तर अंगावर काटा आणते. बेटाचे सरकार कित्येक महिने ६४ या आकड्यावर अडून होते. ऑगस्ट २०१८मध्ये सरकारनेच सोपवलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासातून २,९७५ हा आकडा आला. यांतले बहुतेक जण वाऱ्यापाण्याने गेले नव्हते. डायलिसिस अडले, प्राणवायूचे यंत्र बंद पडले, शीतपेटी नसल्याने इन्सुलिन टिकले नाही, रुग्णवाहिकेला रस्ता मिळाला नाही. असा मृत्यू वादळाच्या चित्रीकरणात कधीच दिसत नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये सान हुआनच्या विधिमंडळासमोरच्या फरसबंदीवर लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांचे जोडे आणून ठेवले: झिजलेले बूट, घरातल्या सपाता, लहान मुलांच्या चपला. काहींना नावाच्या चिठ्ठ्या होत्या. सरकारी यादीत नसलेली माणसे अशी हजर झाली.

या साऱ्याचा सर्वात समर्थ पट मांडला तो सेसिलिया आल्दारोंदो यांनी ‘लँडफॉल’ (२०२०) या माहितीपटात. वादळाच्या तांडवात त्यांना रस नाही, नंतर बेटावर कोण काय करू पाहते यात आहे. एकच नायक निवडून त्याच्या मागे जाण्याऐवजी त्या बेटभर फिरतात. एकीकडे स्वतःची शेती आणि स्वयंपाकघर उभारणारे गावकरी, अमेरिकी नौदलाच्या बॉम्बसरावाच्या आठवणी अंगावर वागवणारे बिएकेस या छोट्या बेटाचे लोक, तर दुसरीकडे करसवलतींच्या ओढीने आलेले क्रिप्टोवाले गुंतवणूकदार. या गुंतवणूकदारांना बेट कोऱ्या पाटीसारखे दिसते. तिथे आधीपासून माणसे राहतात, हे चित्रपट त्यांना आणि आपल्याला प्रत्येक प्रसंगातून दाखवून देतो. हे सगळे २०१९च्या उन्हाळ्याशी येऊन मिळते. राज्यपाल रिकार्दो रोसेयो आणि त्यांच्या वर्तुळातले ८८९ पानांचे खासगी संभाषण शोधपत्रकारांनी उघड केले. त्यात वादळातल्या मृतांचीही थट्टा होती. लाखो लोक रस्त्यावर आले आणि राज्यपालांना पायउतार व्हावे लागले. दोन वर्षे मुकाट सोसणारा समाज एका रात्रीत पेटत नाही. सामुदायिक स्वयंपाकघरांत, बंद शाळांत थाटलेल्या परस्पर-मदत केंद्रांत लोक एकमेकांना ओळखू लागले होते. तिथे ‘लोकच लोकांना वाचवतात’ ही घोषणा घुमत होती.

एली जेकब्स-फांताउत्सी यांचा ‘वी स्टिल हिअर’ डोंगरातल्या कोमेरिओ गावातल्या तरुणांजवळ थांबतो. आपण कधी गावाचे पुढारपण करू असे या मुलामुलींना वाटले नव्हते. कॅमेरा त्यांच्यासोबत रस्ते साफ करतो, घरोघर जातो आणि अखेर वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या दालनांपर्यंत पोहोचतो. नादिया हॉलग्रेन यांचा ‘आफ्टर मारिया’ (२०१९) हा लघुपट बेट सोडून न्यू यॉर्कला गेलेल्या कुटुंबांचा आहे. हॉटेलच्या खोलीत, सरकारी मदतीची मुदत कधी संपेल या धास्तीत ती दिवस काढतात. तगून राहण्याच्या कथेत गाव सोडावे लागलेल्यांनाही जागा हवी, ही त्याची मोलाची जोड. हुआन दाविला यांचा ‘सिमुलाक्रोस दे लिबेरासियोन’ (२०२१) हा खर्चकपातीविरुद्धच्या आंदोलनांतून फिरतो आणि २०१९चा उठाव अचानक आला नव्हता, हे पुराव्यानिशी दाखवतो.

सर्वात मोठा प्रेक्षक मात्र एका गाण्याने मिळवला. गायक बॅड बनीच्या ‘एल आपागोन’ या गाण्याची चित्रफीत १६ सप्टेंबर २०२२ला आली आणि तिच्या मध्यातून पत्रकार बियांका ग्राउलाऊ यांचा वृत्तांत सुरू झाला: सतत जाणारी वीज, बाहेरून येणाऱ्या श्रीमंतांना करमाफी, भाडे परवडेनासे झाल्याने घर सोडणारी माणसे. गाणे ऐकायला आलेल्यांनी हा सगळा वृत्तांत पाहिला. दोनच दिवसांनी ‘फियोना’ वादळ आले आणि बेट पुन्हा पूर्ण काळोखात गेले.

अदहुंतास गावातल्या ‘कासा पुएब्लो’ या संस्थेचे काम मला या आढाव्यात सर्वात आशादायी वाटते. १९८०मध्ये खाणींना विरोध करण्यातून ती जन्मली. आलेक्सिस मासोल आणि तिंती देया या दांपत्याने ती उभी केली आणि मासोल यांना २००२मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. संस्थेच्या गुलाबी घरावर १९९९पासून सौरपट्ट्या होत्या, म्हणून मारियानंतर तिथे दिवे चालू राहिले. लोक श्वसनयंत्रे चालवायला, फोन चार्ज करायला येऊ लागले. संस्थेने हजारो सौरदिवे वाटले, न्हाव्याच्या दुकानापासून घरच्या शीतपेटीपर्यंत सूर्याची वीज नेली आणि मार्च २०२३मध्ये गावातल्या व्यावसायिकांसाठी सामुदायिक सौर वीजजाळे सुरू झाले. याच संस्थेने सौरऊर्जेवर चालणारे चित्रपटगृहही उभारले आहे. जीपमधल्या जनरेटरवर सरकार जे दाखवत असे, ते आता गाव स्वतःच्या विजेवर स्वतः ठरवून पाहते.

एवढ्या कामातून कोणत्याही किनाऱ्याला उपयोगी पडेल असा धडा मिळतो. लोकांच्या चिवटपणाचे निव्वळ गुणगान करणारा माहितीपट नकळत राज्यकर्त्यांची पाठराखण करतो. माणसे इतकी खंबीर आहेत, तर मदत उशिरा पोहोचली म्हणून काय बिघडले, असा अर्थ त्यातून निघतो. चांगला माहितीपट माणसांच्या हिकमतीला दाद देतो आणि त्याच दमात ती हिकमत कोणाच्या गाफीलपणामुळे करावी लागली याचा हिशेब मागतो. त्यासाठी वादळाच्या दिवसापेक्षा नंतरची वर्षे चित्रित व्हावी लागतात आणि चित्रपट सर्वांत आधी त्या गावाला दाखवावा लागतो.

कोकणाने ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ आणि पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ पाहिले. श्रीवर्धन परिसरात उन्मळलेली सुपारीची बाग पुन्हा फळाला यायला वर्षे जातात आणि त्या वर्षांची नोंद पंचनाम्यात नसते. हातात फोन असलेल्या तिथल्या मुलामुलींनी ती करायला घ्यावी: दरवर्षी त्याच बागेत, त्याच माणसांसोबत, भरपाईच्या कागदांसकट. पोर्तो रिकोत सरकार ६४ म्हणत असताना लोकांनी आपले मृत मोजायला लावले. पुढचे वादळ येण्याआधी आपल्या किनाऱ्याचीही अशी नोंद तयार असली, तर मदत मागताना आपल्या हाती पुरावा असेल.