घटसर्पाची साक्ष प्रयोगशाळेत

घशात किंवा टॉन्सिलवर करड्या रंगाचा पापुद्रा दिसला, म्हणजे डॉक्टरांस पहिली शंका येते ती घटसर्पाची. हा पापुद्रा खालच्या मांसाला घट्ट चिकटलेला असतो. उचलू गेल्यास रक्त येते. तो स्वरयंत्रातून श्वासनलिकेत उतरला, तर मुलाचा श्वास कोंडतो. परंतु घशातील प्रत्येक पांढरा डाग घटसर्पाचा नसतो, आणि म्हणून अखेरची साक्ष प्रयोगशाळेची घ्यावी लागते.

ही साक्ष कशी मिळते? निर्जंतुक कापूस गुंडाळलेल्या काडीने पापुद्र्याच्या कडेखालचा स्राव टिपून घेतात. शक्य तर प्रतिजैविक औषध देण्यापूर्वीच, कारण त्यानंतर जंतू हाती लागणे अवघड होते. श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी घातली असेल, तर तिच्यातून ओढलेला स्रावही पाठवितात. काचपट्टीवर त्याचा लेप देऊन तो आल्बर्टच्या रंगाने रंगविला, की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट कांड्या दिसतात आणि त्यांच्या टोकांशी निळसर-काळे कण. कांड्या एकमेकींशी कोन करून पडलेल्या असतात, जणू चिनी लिपीतील अक्षरेच. मात्र येथे फसगत होण्याचा संभव फार! घशात निरुपद्रवीपणे नांदणारे या जंतूचे काही जातभाई पुष्कळसे असेच दिसतात.

यासाठी जंतूंची वाढ करून पाहावी लागते. १८८४ साली फ्रीडरिख लोफ्लर या जर्मन शास्त्रज्ञाने उष्णतेने थिजविलेल्या रक्तरसावर हे जंतू वाढविले. त्या माध्यमावर सहा ते बारा तासांत वाढ दिसू लागते. टेल्युराइट घातलेल्या माध्यमावर एकदोन दिवसांत करड्या-काळ्या वसाहती उमटतात. पण लोफ्लरला एका निरोगी मुलाच्या घशातही हेच जंतू आढळले होते. मग रोग होतो कशाने? १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रू आणि येर्सिन यांनी दाखविले, की जंतू गाळून काढलेला द्रवही प्राण्यांस मारतो. घातक आहे ते जंतूचे विष.

म्हणजे खरा प्रश्न जंतू आहे की नाही एवढाच नसून, तो विष निर्माण करतो की नाही, हा होय. पूर्वी त्यासाठी गिनीपिगचा बळी द्यावा लागे. १९४८ मध्ये एलेक यांनी सोपी युक्ती काढली. प्रतिविषात भिजविलेली कागदाची पट्टी अगारच्या थाळीत ठेवावी व तिला काटकोनात जंतूंची रेघ ओढावी. जंतू विषारी असल्यास विष आणि प्रतिविष जेथे भेटतात तेथे पांढरी रेषा उमटते. विषाचे जनुक शोधणारी पीसीआर चाचणी आता काही तासांत उत्तर देते; परंतु जनुक असूनही ते मुके राहू शकते, म्हणून एलेकची चाचणी मागे पडलेली नाही.

या उत्तरासाठी उपचार मात्र खोळंबत नाहीत. प्रतिविष केवळ मोकळ्या विषाला निकामी करते. हृदयाच्या वा मज्जातंतूंच्या पेशींत शिरलेल्या विषापुढे ते हतबल असते. त्यामुळे घटसर्पाचा दाट संशय येताच डॉक्टर प्रतिविष टोचतात व अहवाल मागाहून येतो. त्या अहवालावरून घरातील इतर मुलांचे घसे तपासले जातात; आणि औषध संपल्यानंतर चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन्ही नमुने जंतुरहित निघाले, म्हणजेच रोग्याचे विलगीकरण संपते.