व्यवसायाचें संकेतस्थळ : तयार सांचा कीं स्वतंत्र बांधणी ?

अलीकडे घरांत व्यवसायाची गोष्ट निघाली कीं 'आपलें संकेतस्थळ हवें' हें वाक्य तींत येतेंच. ज्या घरीं तीन पिढ्यांचें दुकान आहे तेथें तर हा प्रश्न केवळ दुकानाचा राहत नाहीं. पैसा एकत्र कुटुंबाचा, पाटीवरील नांव आजोबांचें, आणि निर्णय मात्र बहुधा घरांतील सर्वांत धाकट्या मुलाच्या सांगण्यावरून व्हावयाचा ! म्हणून वडील मंडळींनीं व गृहिणींनींही ह्या विषयाची तोंडओळख करून घेणें अगत्याचें वाटतें.

मार्ग मुख्यतः दोन. पहिला तयार सांच्याचा. इस्रायलांत २००६ सालीं स्थापन झालेली विक्स, अमेरिकेंतील स्क्वेअरस्पेस, आपल्याकडील चेन्नईची झोहो, ह्या कंपन्या वर्गणी घेऊन आंखून ठेवलेलीं पानें देतात. आपण त्यांत नांव, छायाचित्रें व किंमती भरावयाच्या. दुसरा मार्ग म्हणजे प्रोग्रॅमरकडून आपल्या गरजेप्रमाणें सर्व कांहीं नव्यानें लिहवून घेण्याचा. पहिल्यांत काम चार संध्याकाळींत उरकतें. दुसऱ्यांत महिने जातात, आणि खर्चही त्याच मानानें वाढतो.

ह्या दोहोंचा संबंध शॉपिफायच्या हकीकतीवरून चांगला कळतो. कॅनडांतील ओटावा येथें टोबी ल्युट्के नांवाच्या जर्मन तरुणानें २००४ सालीं बर्फावरून घसरण्याच्या फळ्या विकण्याचें दुकान इंटरनेटवर काढलें. त्या वेळीं मिळणारे तयार सांचे त्यास पसंत पडेनात, म्हणून त्यानें दुकानाची यंत्रणा स्वतःच लिहिली. पुढें फळ्या मागें पडल्या, आणि २००६ सालीं तीच यंत्रणा इतर दुकानदारांस भाड्यानें मिळूं लागली. म्हणजे आज जो सांचा तयार म्हणून विकला जातो तो मूळचा एका दुकानदाराच्या अंगच्या मापाचा ! ज्याचें गिऱ्हाईक वस्तु निवडतें, पैसे देतें व माल घरपोंच मागतें, त्याला तें माप बरोबर बसतें. लोणचीं-पापड, पुस्तकें, साड्या, हीं दुकानें ह्याच जातीचीं होत. परंतु ज्याच्याकडे दर अडत्याला निराळा भाव, तीन गोदामांत विभागलेला साठा आणि अर्धा माल उधारीवर, त्याला हा अंगरखा कांखेंत काचल्यावांचून राहणार नाहीं.

तयार सांच्याची खरी सोय डोळ्यांस दिसत नाहीं. यंत्रें चालू ठेवणें, चोरांपासून रक्षण करणें, लहानमोठ्या सर्व मोबाईलांवर पानें नीट उमटतील हें पाहणें, ही काळजी कंपनी वाहते. पण हें बिऱ्हाड भाड्याचें आहे. विक्सवर उभारलेलें स्थळ उचलून दुसऱ्याच्या यंत्रावर नेतां येत नाहीं. मजकूर व चित्रें नेतां येतील, घर मात्र पुन्हां बांधावें लागेल. आणि मालकानेंच वाडा पाडावयाचें ठरविलें तर ? याहू कंपनीनें जिओसिटीज ही नांवाजलेली वसाहत, जपान वगळून, २००९ सालीं मोडली. गूगलनें लहान व्यावसायिकांस फुकट दिलेलीं स्थळें मार्च २०२४ मध्यें बंद केलीं.

मधली वाटही आहे. २००३ सालीं निघालेलें वर्डप्रेस हें मुक्त परवान्याचें आहे. तें आपल्या पसंतीच्या यंत्रावर बसवावें, न पटल्यास दुसरीकडे हलवावें. मात्र त्याची डागडुजी नियमानें करणारें कोणीतरी घरांत किंवा पगारावर हवें. जुनाट राहिलेल्या जोडण्यांतूनच चोर शिरतात.

आतां स्वतंत्र बांधणीविषयीं. पैसे मोजून लिहवून घेतलें म्हणजे तें आपल्या मालकीचें झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायदा तसें म्हणत नाहीं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाच्या प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतींत होते (आम्हां जुन्या शिक्षकांस ह्याची मौज वाटते !), आणि साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पगारी नोकरानें नोकरीच्या ओघांत लिहिलें तर, निराळा करार नसल्यास, मालकी धन्याची. पण बाहेरच्या माणसास ठरीव रक्कम देऊन लिहविलें, तर लेखी हस्तांतरणावांचून ती त्याचीच राहते. हस्तांतरणपत्रांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच. ह्या दोन ओळी कागदावर आल्यावांचून पहिला हप्ताही देऊं नये.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा मसाल्यांचा कारखाना आहे. त्यांनीं एका होतकरू माणसाकडून उत्तम स्थळ लिहवून घेतलें. पत्त्याचें नांव, ज्याला डोमेन म्हणतात, तें त्या गृहस्थानें सोयीसाठीं स्वतःच्याच नांवें नोंदविलें. दोन वर्षांनीं तो परगांवीं नोकरीस गेला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या पत्त्यावर गेली. मुदत टळली, आणि आजोबांच्या नांवाचा तो पत्ता तिऱ्हाइताच्या हातीं गेला. डब्यांवर, पिशव्यांवर, पावत्यांवर तोच छापलेला ! घरच्या सुनांनीं मग एकेका डब्यावर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या डकविल्या. येथें सांचा तयार होता कीं स्वतंत्र, ह्याचा कांहींएक संबंध नव्हता.

आमचें मत विचाराल तर येथें सूचीकटाहन्याय लावावा. लोहाराकडे सुई व कढई एकदम करावयास आल्या तर तो सुई आधीं करतो. तसें प्रथम तयार सांच्यावर वर्षभर दुकान चालवावें. गिऱ्हाईक काय विचारतें, कोठें अडतें, किती जण अर्ध्यांतून परततात, हें टिपावें. ज्या अडचणी वर्षभर टिकतील तेवढ्यांसाठींच प्रोग्रॅमर गांठावा. मजकुराकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष हवें. 'शुद्ध तूप' अशुद्ध लिहिलेलें पाहून निदान आम्ही तरी तें विकत घेत नाहीं. आणि पत्ता मराठींत हवा असेल तर २०१४ पासून देवनागरींतील 'भारत' हें प्रत्ययस्थान नोंदणीस खुलें आहे; रोमन पत्त्याबरोबर तेंही घेऊन ठेवण्यास हरकत नाहीं.

नोंदणी पेढीच्या नांवें करावी, सूचना पेढीच्याच पत्त्यावर मागवाव्या. आणि डोमेनची मुदत, वर्गणीची तारीख, गिऱ्हाइकांच्या यादीची प्रत कोठें ठेवली आहे, हें घरच्या ज्या वहींत विम्याचे हप्ते लिहिलेले असतात तिच्यांतच, त्याच पानावर, लिहून ठेवावें.