सुखरूप सुटका व्हावी म्हणून

सातवा महिना लागला की घर कसे उत्साहाने भरून जाते. डोहाळजेवणाचा बेत ठरतो, हिरवी साडी येते, फुलांची वाडी भरली जाते, झोपाळा सजतो. दोन वाट्या झाकून पुढे ठेवल्या जातात आणि पेढा निघतो की बर्फी याकडे साऱ्या बायकांचे डोळे लागतात. दुपटी, झबली, कुंच्या शिवून तयार होतात. आहळीव नि डिंक कोणत्या दुकानातून आणायचा तेही ठरते. म्हणजे बाळंतपणाच्या आधीचे सारे यथासांग होते, नंतरचेही होते. फक्त या दोहोंच्या मधले जे दहा-बारा तास, त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. पहिलटकरणीने धीर करून विचारलेच, तर उत्तर मिळते, "वेळ आली की कळेल!"

आणि माहिती सांगायला ज्यांची जीभ अडखळते, त्याच आत्या-मावश्या भीतीच्या गोष्टी मात्र रंगवून सांगतात. अमकी दोन दिवस अडली होती, तमकीचे मूल पायाळू होते. ऐकणाऱ्या मुलीच्या पोटात गोळा येतो आणि तो गोळा घेऊनच ती प्रसूतिगृहाची पायरी चढते.

ही भीती उगाच निर्माण झालेली नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातूनच डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय झाला. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्यांनी पदवी मिळवली, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आज्या म्हणत त्या अनुभवानेच.

आज चित्र पालटले आहे. १९९२-९३ मध्ये आपल्या देशात शंभरातली जेमतेम पाव बाळंतपणे दवाखान्यांत होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ च्या घरात गेला. २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. या ३३ घरांचे दुःख लहान नाही. पण ज्या भीतीच्या गोष्टी आपण आजही सांगतो, त्या बहुतांशी गेलेल्या जमान्याच्या आहेत. तेव्हा या लेखात 'नैसर्गिक बाळंतपण' हा शब्द जिथे जिथे येईल, तिथे त्याचा अर्थ डॉक्टरांवाचून बाळंतपण असा कोणी घेऊ नये. नैसर्गिक म्हणजे बाळंतिणीने समजून-उमजून, कारणाशिवाय औषध नि शस्त्र न वापरता, पण मदत हाताशी ठेवून केलेले बाळंतपण.

भीती, ताण आणि कळ

ही कल्पना जगापुढे ठासून मांडणारा माणूस म्हणजे ग्रँटली डिक-रीड हा इंग्रज डॉक्टर. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात शिकाऊ डॉक्टर असताना लंडनच्या व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीत तो एका बाईच्या बाळंतपणाला गेला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याने क्लोरोफॉर्म पुढे केला. बाईने तो नको म्हटला आणि शांतपणे बाळंत झाली. मागाहून कारण विचारले, तेव्हा तिला काही दुखलेच नव्हते असे कळले, आणि दुखायला हवे होते असेही तिला वाटत नव्हते! ही गोष्ट डिक-रीडच्या मनात घर करून राहिली. १९३३ साली त्याने 'नैसर्गिक बाळंतपण' याच नावाचे पुस्तक लिहिले, आणि १९४२ साली दुसरे अधिक गाजलेले पुस्तक. त्याचे सूत्र तीन शब्दांचे होते: भीतीने ताण येतो, ताणाने कळ वाढते, आणि वाढलेल्या कळेने पुन्हा भीती वाढते.

यामागचे शरीरातले कारण साधे आहे. गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. तिचे वरचे स्नायू आवळतात तसे खालचे तोंड पातळ होत होत दहा सेंटीमीटरपर्यंत उघडते. हे आवळणे ज्या संप्रेरकाने होते त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. माणूस भ्याला की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, आणि ते या कामात खो घालते. घरातली मांजर पिलांच्या वेळी माळ्यावरचा अंधारा कोपरा का गाठते आणि कोणी डोकावले तर जागा का बदलते, याचे उत्तर यातच आहे. प्रखर दिवे, अनोळखी चेहरे, शेजारच्या खाटेवरची किंकाळी आणि "गप्प बसा!" हा दरडावणीचा सूर यांत बाईच्या कळा मंदावल्या, तर नवल ते काय?

दुसरे नाव फ्रान्सच्या डॉ. फेर्नां लामाझ यांचे. १९५१ साली ते रशियात गेले असता तिथे गर्भिणींना आधीपासून शिकवून तयार करण्याची पद्धत त्यांनी पाहिली, आणि परत येऊन पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघाने चालवलेल्या प्रसूतिगृहात ती सुरू केली. कळ आली की श्वास कसा घ्यायचा, अंग कसे सैल सोडायचे, याची तालीम महिनोन्महिने घ्यायची. आज पुण्या-मुंबईत जे गर्भिणींचे वर्ग चालतात, त्यांतल्या श्वासाच्या तालमीचे मूळ बरेचसे तिथे आहे.

या दोघांच्याही सांगण्यात एक अतिशयोक्ती होती, ती मात्र ओळखली पाहिजे. मन तयार असेल तर कळा दुखणारच नाहीत, असा समज त्यातून पसरला. परिणाम असा झाला की, जिला दुखले तिला आपणच कुठे कमी पडलो असे वाटू लागले. हे खरे नव्हे. कळा बहुतेकींना दुखतातच. तयारीने कळ नाहीशी होत नाही, ती सोसवते. आणि जिला सोसवली नाही, तिने पाठीच्या कण्यातून देण्याचे वेदनाशामक इंजेक्शन मागितले तर त्यात कसलाही कमीपणा नाही.

सर्वांत मोठे औषध

मग सर्वांत उपयोगी पडते ते काय? उत्तर ऐकून सासूबाईंना हसू येईल. सोबत! बाळंतिणीजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक माणूस धीर द्यायला असले, तर काय फरक पडतो याचे प्रयोग १९८० च्या सुमारास मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात झाले. २०१७ सालच्या एका आढाव्यात अशा २६ प्रयोगांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र केली गेली. सोबत मिळालेल्या बायकांची बाळंतपणे थोडी लवकर आटोपली, आपसूक प्रसूतीचे प्रमाण वाढले, सिझेरियन नि वेदनाशामके कमी लागली. आपल्या जुन्या घरांत कळांच्या वेळी आई, काकू, सुईण अशा बायका भोवती असत. घरातून दवाखान्यात जाताना स्वच्छता आणि सुरक्षितता मिळाली, पण ती सोबत मात्र दाराबाहेरच्या बाकावर राहिली.

भारत सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एका अनुभवी स्त्रीला राहू देण्यास संमती दिली. जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही राहता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या शिफारशींत हेच सांगितले आहे. तेव्हा प्रसूतिगृह ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: "तिच्याजवळ आत कोण राहू शकेल?"

तयारी कोणती करावी?

पहिली तयारी रक्ताची. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात. कारण अशक्त बाईला थोडा रक्तस्रावही भारी पडतो. दुसरी तयारी अंगाची. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज चालावे आणि शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली सोपे व्यायाम करावेत. तिसरी तयारी श्वासाची. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, तोंडाने त्याहूनही सावकाश सोडावा, आणि सोडताना कपाळ, जबडा, खांदे, मुठी एकेक सैल करत जावे. रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे हे केले, तर ऐन वेळी आठवावे लागत नाही. सोबत राहणाऱ्या व्यक्तीनेही हे बरोबरीने शिकावे. पहिलटकरणीने शेवटच्या महिना-दीड महिन्यात योनिद्वाराजवळचा भाग डॉक्टरांना विचारून तेलाने हलके चोळला, तर तिथे टाके पडण्याची शक्यता कमी होते.

आणि तूप? शेवटच्या महिन्यात वाटीभर तूप प्यायले की मूल घसरून येते, असे अजूनही सांगतात. तूप जाते पोटात, मूल असते गर्भाशयात; दोन्ही वाटा वेगळ्या. तुपाने वजन मात्र वाढते.

कळा सुरू झाल्या म्हणजे लगेच घाबरून धावू नये. पहिल्या खेपेला तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत बराच वेळ जातो. कित्येकींचा सारा दिवस जातो. घर दवाखान्याजवळ असेल आणि सारे ठीक असेल, तर हा काळ घरीच चालण्यात, कोमट पाण्याने अंघोळ करण्यात, थोडे खाण्यात घालवावा. पुढचा जोराचा टप्पा पहिलटकरणीला बहुधा बारा तासांच्या आत पुरा होतो. दर तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना हिशेब आता आरोग्य संघटनेने सोडून दिला आहे. या काळात उताणे पडून राहण्यापेक्षा उभे राहणे, फेऱ्या घालणे, खुर्चीच्या पाठीवर ओणवे होणे हितावह असते. असे करणाऱ्यांचा हा टप्पा साधारण तासाभराने कमी होतो असे आढळले आहे. शेवटी मूल बाहेर येताना लोटण्याची भावना आपोआप होते, तिला साथ द्यावी.

मूल झाल्यावर रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, ते नैसर्गिकतेच्या हट्टापायी नाकारू नये. नाळ किमान मिनिटभर थांबून कापावी, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासातच पाजायला घ्यावे.

सिझेरियन कधी?

मूल आडवे असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळाचे ठोके बिघडत असतील, तर सिझेरियनइतके मोठे वरदान दुसरे नाही. पण २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४. एकाच देशातल्या बायकांच्या शरीरांत एवढा फरक कसा असेल? सरकारी दवाखान्यांत काही वेळा गरज असूनही शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि खाजगीत डॉक्टर एकटा, रात्र मोठी, नातेवाईक उतावळे, अशी अनेक कारणे एकत्र येतात. त्यात हल्ली मुहूर्ताची भर पडली आहे. पंचांग पाहून एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी काढलेल्या मुलाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो, हे ज्योतिषी सांगणार नाही. आपणच ध्यानात ठेवावे.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टरांना शांतपणे पुढील प्रश्न विचारावेत. आपल्याकडे शंभरात किती सिझेरियन होतात? कळा सुरू असताना चालता-फिरता येईल का? टाके सरसकट घालता की गरजेपुरते? रात्री रक्त आणि भूल देणारे डॉक्टर किती वेळात मिळतात? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

घरीच बाळंत व्हावे असे काही शहरी जोडप्यांना हल्ली वाटते. इंग्लंडमध्ये २०११ साली सुमारे ६४ हजार निरोगी बायकांची पाहणी झाली. तिथे प्रशिक्षित सुइणी घरी येतात, गाडी तत्पर असते. तरीही घरी बाळंत होऊ पाहणाऱ्या पहिलटकरणींपैकी शंभरात ४५ जणींना दवाखान्यात हलवावे लागले, आणि त्यांच्या बाळांना धोकाही अधिक आढळला. आपल्याकडे ती व्यवस्था नाही. २०१८ साली सरकारने दीड वर्षाच्या शिक्षणाने तज्ज्ञ परिचारिका-सुइणी घडवण्याची योजना आखली. रुग्णालयातच, पण अशा सुइणीच्या हाताखाली बाळंतपण, हा मधला मार्ग जिथे मिळेल तिथे तो उत्तम.

आणि काही लक्षणे अशी आहेत की त्या वेळी श्वासाची तालीम बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा: रक्त जाणे, हिरवट पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे, ताप भरणे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा.

शेवटी एक विनंती थोरल्या बायकांना. आपल्या बाळंतपणाच्या गोष्टी मुली-सुनांना अवश्य सांगा, पण पुऱ्या सांगा. कळ कशी आली तेवढेच न सांगता ती कशी गेली, दोन कळांच्या मध्ये विसावा कसा मिळाला, कोणाच्या हाताने धीर आला, तेही सांगा. भीती जशी ऐकून येते, तसा धीरही ऐकूनच येतो.