बेथलेहेमची गोष्ट, ओवीच्या मापात

कॅरी अंडरवुड ही अमेरिकेतल्या कंट्री संगीतातली आघाडीची गायिका. सप्टेंबर २०२० मध्ये तिनं नाताळच्या गाण्यांचा आपला पहिला अल्बम काढला, ‘माय गिफ्ट’. अमेरिकेत नाताळचे अल्बम दरवर्षी ढिगानं निघतात. त्यांतल्या पुष्कळांत बर्फ असतो, घंटा असतात, सांताक्लॉज आणि भेटवस्तू असतात. ज्याचा वाढदिवस, तो मात्र कुठं दिसत नाही. अंडरवुडनं रोख वळवला तो गोठ्यात जन्मलेल्या बाळाकडं, म्हणजे मूळ गोष्टीकडं. एका गाण्यात तिचा लहानगा मुलगाही तिच्याबरोबर गायला आहे.

कंट्री म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गाणं. शेत, रस्ता, दारू, तुटलेलं प्रेम हे त्याचे नेहमीचे विषय. मग देवाचं गाणं या मंडळींच्या गळ्यात इतकं सहज कसं बसतं? जॉनी कॅशसारख्या रांगड्या गायकानंही १९६३ मध्ये नाताळचा अल्बम केला होता. उत्तर नॅशव्हिल शहरातल्या एका इमारतीत सापडतं. कंट्री संगीताची पंढरी मानलं जाणारं तिथलं रायमन सभागृह १८९२ मध्ये बांधलं गेलं ते धर्मप्रवचनांसाठी. १९४३ पासून १९७४ पर्यंत ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्रीचा सर्वांत नावाजलेला कार्यक्रम तिथूनच होत असे. आजही तिथं श्रोते बसतात ते चर्चसारख्या लांब लाकडी बाकांवर.

इमारत एक आहे तसं मापही एकच आहे. आयझॅक वॉट्स यांनी १७१९ मध्ये लिहिलेलं ‘जॉय टू द वर्ल्ड’ हे गीत आज जगभर नाताळला गातात. त्याच्या ओळींत शब्दावयव (सिलॅबल) किती? आठ, सहा, आठ, सहा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांतले कितीतरी जुने पोवाडे याच मापात म्हटले जात. तेच पोवाडे घेऊन माणसं अमेरिकेच्या डोंगरांत गेली आणि तिथं त्यांतून कंट्री उगवलं. पायलीनं ज्वारी मोजा की तूर, पायली तीच राहते. प्रेमभंगाचं गाणं आणि येशूजन्माचं गाणं एकाच पायलीनं मोजलं जात होतं, म्हणून एकाच गळ्यात दोन्ही शोभली.

आता आपल्याकडं येऊ. नाताळची गोष्ट मराठीच्या मापात कुणी मोजली का? मोजली, आणि तीही वॉट्सच्या शंभर वर्षं आधी.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तिकडं पैठणात एकनाथ महाराज हयात होते. स्टीफन्स इथली भाषा शिकला, आणि नुसती बोलण्यापुरती शिकला नाही. १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून त्याचा ग्रंथ बाहेर पडला. आपण त्याला ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. जवळपास ११ हजार ओव्या! देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून मराठी मजकूर रोमन अक्षरांत छापला. पोर्तुगीज मथळ्याचा अर्थ असा: आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचं निरूपण. म्हणजे ग्रंथाच्या मथळ्यातच नाताळ.

ग्रंथाचं निमित्तही विलक्षण आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीबाबांना विचारतात: आमची पुराणं गेली, आता त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला काय? स्टीफन्सनं जाणलं की माणसाचा धर्म बदलला तरी कान बदलत नाही. त्यानं स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं आणि गोष्ट पुराणासारखी लावून सांगितली. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या. त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळं. त्यांतलं देवनागरीतलं एक लंडनच्या मार्सडेन संग्रहात आहे.

स्टीफन्सनं उचललेली ओवी मूळची कुठली? तिचा माग काढत गेलं की आपण लातूरपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर येऊन थांबतो. परंपरेनुसार मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधु’ रचला. त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. तो ग्रंथ ओवीत आहे. ओवीची रचना पाहा: तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि मोकळा. अक्षरांचं बंधन सैल, त्यामुळं मोठ्यात मोठी कथा तिच्यात न अडखळता चालते. वेदान्त तिच्यात मावला, भागवत मावलं, मग बेथलेहेम का मावू नये?

पुढच्या मिशनऱ्यांना हे लगेच उमगलं असं नाही. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम वाढलं, तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं फार होती. खोट कुठं येते हे समजून घेण्यासारखं आहे. इंग्रजी पद्य आघातावर चालतं: एका शब्दावयवावर जोर, दुसऱ्यावर नाही. मराठीत असा आघात जवळजवळ नसतोच. इथं ऱ्हस्व-दीर्घ आणि अक्षरसंख्या यांचा हिशेब असतो. परकी चाल आली की ऱ्हस्व अक्षर नको तिथं ताणलं जातं, दीर्घ अक्षर चेपलं जातं आणि ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. अभंगात ही अडचण येत नाही. मोठ्या अभंगाची अक्षरं सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. लहान अभंगाची आठ, आठ. टाळ-मृदंग असो वा नसो, चालतं.

१८६० च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी त्याच भागात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नारदीय कीर्तनाचा साचा तोच: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, फक्त आख्यान बायबलमधलं. आणि आख्यानाला नाताळाइतका चपखल विषय दुसरा कुठला? नवजात बाळ, त्याच्या जिवावर उठलेला राजा, तान्ह्या मुलांची हत्या, रातोरात बाळाला घेऊन निघालेला बाप, आणि जवळपास गुरं-मेंढरं राखणारी साधी माणसं. कंस आणि गोकुळ ऐकत वाढलेल्या श्रोत्याला हेरोद राजा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या वाटेवरचं सर्वांत मोठं नाव नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ मध्ये जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनं केली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात फार मोठा वाटा त्यांचाच आहे. येशूचं चरित्र ओवीबद्ध करणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी सुरू केलं आणि सुमारे दहा अध्यायांवर ते थांबलं. १९१९ मध्ये टिळक गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रवाल्या लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं महाकाव्य पुरं करावं, याचं रहस्यही ओवीतच आहे. मराठी बाईला ओवी शाळेत शिकावी लागत नाही. ती जात्यावर शिकलेली असते.

ही देवघेव एकतर्फीही नाही. अभंग चर्चमध्ये गेला, तशी चर्चकडून आपल्याकडं पेटी आली. हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांडर दबँ यांनी पॅरिसमध्ये १८४२ मध्ये घेतलं. मिशनऱ्यांबरोबर पायपेटी भारतात आली, कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिची हातपेटी केली, आणि आज गावच्या भजनी मंडळाचं पान तिच्याशिवाय हलत नाही. कंट्रीचंही तसंच: बँजोचं मूळ आफ्रिकेत, फिडल युरोपचं, स्टील गिटार हवाईची. अस्सल गावरान म्हणून आपण जे ऐकतो ते पुष्कळदा असं दूरदूरहून आलेलं असतं.

मराठवाड्याला यात नवल वाटायचं कारण नाही. इथल्याच हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव मानलं जातं, आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. १७०८ मध्ये ज्या नांदेडात गुरू गोविंदसिंगांनी या ग्रंथाला गुरुपद दिलं, तिथं वारकरी संताचे शब्द शीख कीर्तनात घुमतात. धाराशिवनं, म्हणजे १९८२ पर्यंत लातूर ज्या जिल्ह्यात होतं त्या उस्मानाबादनं, जानेवारी २०२० मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. त्याचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, बायबलचं ‘सुबोध बायबल’ करून मराठी वाचकाच्या हाती देणारे वसईचे धर्मगुरू.

धर्म परमुलखातून येऊ शकतो. पण तो त्या मातीचा होतो तो तिथल्या मापात गायला लागल्यावरच. नॅशव्हिलला हे आठ-सहाच्या ओळींनी घडलं, आपल्याकडं ओवी-अभंगानं. येत्या २५ डिसेंबरला लातूर-नांदेडातल्या एखाद्या चर्चवरून जाताना मराठी गाणं कानावर पडलं तर दोन मिनिटं थांबा आणि बोटांवर अक्षरं मोजा. सहा, सहा, सहा, चार भरली, तर ते गाणं जितकं त्यांचं तितकंच तुमचंही आहे.