चमच्यावर ठरणारी लापशी

2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा सौंसर तालुक्यासोबत त्यातलं मोहगावही तिकडे गेलं. घरात मराठी, सरकारी तक्ते हिंदीत, असा हा मुलुख. मध्य प्रदेशात मंगळवारी गोदभराई, अन्नप्राशन अशा निमित्तानं बायांना अंगणवाडीत बोलावतात. ओटी भरून झाली, की खरं काम सुरू होतं: सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला काय आणि कसं भरवायचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कृती इथं चपखल बसते. भाजलेले गहू 40 ग्रॅम, फुटाण्याची डाळ 16, शेंगदाणे 10, गूळ 20. दळून ठेवायचं. एवढ्यात सुमारे 330 कॅलरी आणि 11 ग्रॅम प्रथिनं मिळतात. सगळं बाजारहाटाचंच सामान.

मला मात्र पिठापेक्षा लापशीचा घट्टपणा महत्त्वाचा वाटतो. वरणावरचं पाणी पाजायची आपली जुनी खोड. त्यानं इवलंसं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. ‘चमच्यावर ठरलं पायजे’ हा पहिला धडा. पण फार घट्ट लापशी बाळ गिळत नाही, पाणी ओतलं की पुन्हा पातळ. म्हणून गव्हाला मोड आणायचे, वाळवून हलके भाजायचे, दळायचे. शिजलेली लापशी कोमट झाली की हे मोडांचं थोडं पीठ घालून ढवळायचं. मोडांतलं अमायलेज पिष्टमय भाग फोडतं आणि थेंबभर पाणी न घालता लापशी सैल होते. मग एक उकळी. हे डोळ्यांदेखत घडतं, म्हणून पटतं. तक्त्यावरच्या कॅलरी कोणाला दिसतात?

संत्र्याच्या या पट्ट्यात आणखी एक सोय आहे. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सी जीवनसत्त्व मदत करतं, तेव्हा आईनं जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी खाव्यात. लगेच चहा नको.

प्रथिनांसाठी अंड्याचं सोपं उत्तर होतं. 2015 साली मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी अंगणवाडीत अंडं द्यायला नकार दिला. ज्या घरात अंडं चालतं, तिथल्या लेकरालाही ते अंगणवाडीत मिळालं नाही, हे मला पटत नाही.

आणि डबाच रिकामा असेल तर कृती काय कामाची? शिकवण्यासोबत शिधा हवाच. वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच कापसात जाते. दुपारी भरवते ती आजी, नाहीतर थोरली बहीण. बोलावणं मात्र सुनेला. मी वर्ग घेतला, तर पहिलं आवतण आजीला देईन आणि वेळ संध्याकाळची ठेवीन.